समितीला खेद वाटतो

भाऊसाहेबांना ‘काल संसदेत काय गोंधळ झाला म्हणे?’ असं कधी विचारू नये. गोंधळ हा त्यांचा विषय नाही. कोण हौद्यात उतरलं, कोणी कागद भिरकावले, कोणाचा माइक बंद पडला, यात त्यांना काडीचा रस नसतो. “ते टीव्हीसाठी असतं हो. काम समितीत होतं,” असं म्हणून ते चष्मा कपाळावर चढवतात. चष्मा कपाळावर गेला की आपलं दूध, आपली भाजी आणि आपली साडेसातची बस या तिन्हींवर पाणी सोडावं.

“स्थायी समित्या किती?” हा पहिला प्रश्न. आपल्याला उत्तर येत नाही हे त्यांना ठाऊक असतं, तरी ते रीतसर थांबतात. “चोवीस. प्रत्येकीत एकतीस माणसं. एकवीस लोकसभेची, दहा राज्यसभेची. मंत्री एकही नाही. कॅमेरा नाही. दार बंद. आणि म्हणूनच तिथे सत्ताधारी नि विरोधक शेजारी बसून एकाच पानावर पेन्सिलीने खूण करतात.” हे त्यांनी पाहिलेलं नाही. पाहणं शक्यही नाही, कारण दार बंद असतं. पण दिल्लीतल्या त्या संसद भवनाच्या संलग्न इमारतीत काय चालतं, याचं वर्णन ते असं करतात की ऐकणाऱ्याला टेबलावरच्या बिस्किटांचा ब्रँडसुद्धा दिसावा.

असा एक माणूस प्रत्येक गावात असतो. त्याला माहिती अधिकारवाल्यांत मोजू नये. माहिती अधिकारवाला चिडलेला असतो, त्याला कोणीतरी गजाआड जायला हवं असतं. आमचा हा प्राणी निवेदनवाला. तो कोणावर चिडत नाही. तो सुचवतो. वर्तमानपत्राच्या आतल्या पानात, निविदा आणि हरवले-सापडले यांच्या मध्ये, राज्यसभा सचिवालयाची एक चौकट येते: अमुक विधेयक अमुक समितीकडे सोपवलं आहे, संबंधितांनी आपली निवेदनं पंधरा दिवसांत पाठवावीत. ती चौकट देशात कोण वाचतं असं तुम्हाला कधी वाटलं असेल, तर सांगतो. आमच्या सांगलीत, विश्रामबागेत, भाऊसाहेब वाचतात. वाचतात, ब्लेडने कापतात, कोऱ्या कागदावर डकवतात, वर वर्तमानपत्राचं नाव आणि तारीख लिहितात आणि कॅलेंडरवर पंधराव्या दिवसाभोवती लाल गोल काढतात. वहिनींनी त्याच चौकोनात गॅसचा नंबर लावल्याची तारीख लिहिलेली असते. तिच्यावर लाल शाई पसरते. मग पुढचे दोन दिवस घरात सिलेंडर या विषयावर एक वेगळी, उघड्या दाराची समिती बसते.

भाऊसाहेब हे त्यांचं नाव नव्हे. आमच्या भागात कॉलेजच्या ऑफिसातल्या माणसाला भाऊसाहेब म्हणतात आणि एकदा म्हटलं की तो सरणावर चढेपर्यंत भाऊसाहेबच राहतो. तालुक्याच्या गावी एका अनुदानित महाविद्यालयात ते कनिष्ठ लिपिक म्हणून चिकटले आणि कार्यालयीन अधीक्षक म्हणून निवृत्त झाले. प्राचार्य आले, गेले. संस्थेत दोन गट पडले, त्यांचे चार झाले. पण कॅशबुक भाऊसाहेबांचंच राहिलं. वेतन अनुदान, वेतनेतर अनुदान, विद्यापीठ अनुदान आयोगाचे हप्ते, जिमखाना फी, विद्यार्थी सहाय्य निधी, ग्रंथालय अनामत, या सगळ्यांची खाती त्यांना तोंडपाठ असत. आपल्याला कॉलेज म्हणजे कॅन्टीन आणि कट्टा आठवतो. त्यांना कॉलेज म्हणजे अखर्चित शिल्लक आठवते.

आयुष्यातली त्यांची खरी मैत्री झाली ती महालेखापालांच्या लोकांशी. नागपूरहून नाहीतर मुंबईहून ऑडिट पार्टी यायची तेव्हा बाकीचा स्टाफ रजेचे अर्ज टाकायचा आणि भाऊसाहेब इस्त्रीचा शर्ट घालून यायचे. एका वर्षी ऑडिटरने स्नेहसंमेलनाच्या व्हाउचरवर बोट ठेवलं. नारळ खरेदी पाच, फोडले चार. पाचवा कुठे? पाचवा नासका निघाला होता. ऑडिटर म्हणाला, मग निर्लेखनाचा ठराव कुठे आहे? त्या काळी स्थानिक व्यवस्थापन समिती असे, आता तिला महाविद्यालय विकास समिती म्हणतात. त्या समितीच्या पुढच्या सभेत, इमारत निधीतल्या लाखांच्या विषयानंतर आणि ‘ऐनवेळचे विषय’ याच्या आधी, एक नासका नारळ एकमताने निर्लेखित करण्यात आला. सूचक अमुक, अनुमोदक तमुक. ही गोष्ट सांगताना दुसरा कोणी ऑडिटरला हसला असता. भाऊसाहेब त्याच्याविषयी अतीव आदराने बोलतात. “पाच आणि चार यातला फरक ज्याला दिसतो तोच देश चालवतो.”

उपयोगिता प्रमाणपत्राचा नमुना जीएफआर १९-ए हा त्यांचा सर्वांत आवडता कागद. सरकारचा पैसा आला, ज्यासाठी आला त्यासाठीच गेला, इतका उरला, इतका परत केला, खाली सही. “एका पानात रामराज्य,” असं ते म्हणत. २०१७ च्या नव्या वित्तीय नियमांत त्याचा १२-ए झाला तेव्हा ते निवृत्त होते. तरी त्यांनी कॉलेजात फोन करून नव्या क्लार्कला ही बातमी दिली. त्याने “हो का?” म्हटलं. त्या ‘हो का’चं दुःख भाऊसाहेबांना अजून आहे.

आणि ती ग्रंथालय अनामत. प्रवेशाच्या वेळी पन्नास रुपये भरायचे, कॉलेज सोडताना परत घ्यायचे. बहुतेक पोरं परत घ्यायला येतच नाहीत. बाकीच्या कॉलेजांत ही रक्कम वर्षानुवर्षं पडून राहते आणि मग कोणीतरी ठराव करून तिला भिंत रंगवायला लावतं. भाऊसाहेब माजी विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं टाकत. ‘आपली ग्रंथालय अनामत रु. ५०/- (अक्षरी रुपये पन्नास फक्त) महाविद्यालयाकडे शिल्लक आहे. मूळ पावतीसह समक्ष येऊन घेऊन जावी.’ पोस्टकार्डाचा खर्च कोणत्या खाती टाकायचा यावर एकमत होईना, तेव्हा तो खिशातून. एकदा एक गृहस्थ पुण्याहून स्वतःची गाडी काढून आले. कार्ड बघून डोळ्यांत पाणी आलं म्हणाले. भाऊसाहेबांनी त्यांना चहा पाजला, त्यांच्या मुलांची चौकशी केली आणि पावती नाही म्हणून पैसे न देता परत पाठवलं. प्रतिज्ञापत्राचा मसुदा मात्र सोबत दिला.

निवृत्तीनंतर अशा माणसाने करायचं काय? नातवंडं पुण्यात. बागकामात ते एकदा पडले होते, पण गुलाबाच्या फुलांची आवक-जावक ठेवायला लागल्यावर वहिनींनी ते खातं स्वतःकडे घेतलं. मग कोणीतरी त्यांना इंटरनेटवर लोकलेखा समितीचे अहवाल सापडवून दिले. ज्याने दिले तो आता त्यांच्या घरावरून जाताना मोबाइल कानाला लावून जातो.

लोकलेखा समिती १९२१ पासूनची. बावीस सदस्य, आणि १९६७ पासून अध्यक्ष विरोधी पक्षाचा, हा संकेत. “कायदा नाही हं, संकेत. कुठे लिहिलेलं नाही आणि तरी पाळतात,” हे सांगताना त्यांना भरून येतं. अंदाज समिती १९५० ची, मावळंकर सभापती असतानाची. मावळंकर अहमदाबादचे असले तरी घराणं मूळचं संगमेश्वराकडचं, हे ते न चुकता जोडतात. जणू त्या समितीत आपलाही थोडा हिस्सा आहे.

हे अहवाल वाचता वाचता त्यांची भाषा बदलली. संसदीय समिती कधी रागावत नाही, तिला खेद होतो. ती आश्चर्य ‘व्यक्त करते’, अपेक्षा ‘बाळगते’, आणि फारच डोक्यावरून पाणी गेलं तर ‘हे नमूद करणे समितीला भाग पडते’. हे सगळं घरात आलं. पोह्यांवर कोथिंबीर नसली तर भाऊसाहेब बशीकडे बघून म्हणतात, “समितीला खेद वाटतो.” मुलगा पुण्याहून दोन रविवार फोन करत नाही, तेव्हा, “मंत्रालयाच्या या मौनाबद्दल समिती आश्चर्य व्यक्त करते.” मुलगा बिचारा सॉफ्टवेअरमध्ये आहे. सुरुवातीला त्याला वाटलं बाबांना विस्मरणाचा त्रास सुरू झाला.

पण शिकवलेलं उलटतं. समितीने अहवाल दिला की सरकारने काय केलं याचा दुसरा अहवाल निघतो, कार्यवाही अहवाल. त्यात सरकारची उत्तरं प्रकरणवार लावलेली असतात. सरकारने मान्य केलेल्या शिफारशी. सरकारचं उत्तर पाहता समिती ज्यांचा पाठपुरावा करू इच्छित नाही त्या शिफारशी. ज्यांवरचं उत्तर समितीला मान्य नाही त्या. आणि शेवटी, ज्यांवर अजून अंतिम उत्तर आलेलं नाही त्या. भाऊसाहेबांनी ही व्यवस्था कौतुकाने वहिनींना समजावून सांगितली. वहिनींनी शांतपणे ऐकलं, भाजीच्या हिशेबाची वही घेतली आणि यादी केली. गच्चीची गळती: अंतरिम उत्तर. मागच्या दाराची कडी: अंतरिम उत्तर. तिरुपती: उत्तर समितीला मान्य नाही. नवा मिक्सर: उत्तर पाहता समिती पाठपुरावा करू इच्छित नाही, भावाने दिला. मान्य केलेल्या शिफारशींच्या रकान्यात एकच नोंद होती, मुलाचं लग्न. ती वही भाऊसाहेबांनी मला दाखवली. त्यांना राग नव्हता. “वर्गीकरण अचूक आहे,” ते म्हणाले.

निवेदनाचा विधी असा. जाहिरातीचे पहिले पाच दिवस विधेयक वाचण्यात जातात. पूर्ण, कलमवार, हेतू आणि कारणांच्या निवेदनासकट. “वित्तीय ज्ञापन कोणी वाचत नाही. सगळं तिथे असतं,” हे त्यांचं लाडकं वाक्य. पुढचे पाच दिवस कच्चा मसुदा, पाठकोऱ्या कागदावर. निवेदन इंग्रजीत किंवा हिंदीत लागतं. भाऊसाहेबांची हिंदी कॉलेजच्या गड्यावर आणि रेल्वेच्या टीसीवर तयार झालेली, म्हणून मसुदा एका निवृत्त हिंदीच्या प्राध्यापिकांकडे जातो. त्या दर वेळी ‘मेरेको’ खोडतात. मग टायपिंग, दोन प्रती, स्पायरल बाइंडिंग, निळं प्लास्टिक पुढे, काळं मागे. ईमेलने पीडीएफ पाठवायची सोय आहे आणि ते पाठवतातही, पण स्पीड पोस्टही करतात, कारण ईमेलवर गोल शिक्का बसत नाही. पावती फाइलला. फाइल कपाटात. कपाटावर चिठ्ठी: ‘समित्या – हात लावू नये’.

आणि इथे त्यांच्या आयुष्यातला मोठा पेच सुरू होतो. समितीला पाठवलेलं निवेदन हा समितीच्या दप्तराचा भाग होतो. ते गोपनीय असतं. दुसऱ्या कोणाला दाखवलं तर समितीच्या विशेषाधिकाराचा भंग. जाहिरातीतच तसं छापलेलं असतं. म्हणजे बघा, ज्या माणसाला भेटेल त्याला सगळं सांगायची हौस, त्याने आयुष्यातलं सर्वोत्तम लिखाण करायचं आणि त्याबद्दल तोंडातून ब्र काढायचा नाही. संध्याकाळी कट्ट्यावर भाऊसाहेब येतात, बसतात, उसासा टाकतात.

“काय, पाठवलं?”

“पाठवलं.”

“काय लिहिलंत?”

“सांगता येत नाही.” थोडा वेळ जातो. “परिच्छेद सात वाचाल तर कळेल तुम्हाला.”

“द्या वाचायला.”

“देता येत नाही.”

यातून त्यांनी वाट काढली आहे. निवेदन ते सांगत नाहीत, पण ‘समजा एखाद्याने असं सुचवलं की’ अशी सुरुवात करून पाऊण तास बोलतात. कट्ट्यावर या ‘एखाद्या’चं स्वतंत्र व्यक्तिमत्त्व तयार झालं आहे. “काय म्हणतो तुमचा एखादा?” असं आता थेट विचारतात.

२०२३ च्या ऑगस्टात तीन फौजदारी विधेयकं आली तेव्हा ‘एखाद्या’ची झोप उडाली. दंडसंहितेची ५११ कलमं जाऊन भारतीय न्याय संहिता येणार, आणि विधेयकं गृह खात्याच्या स्थायी समितीकडे. भाऊसाहेबांनी तिन्ही वाचली. समितीचा अहवाल नोव्हेंबरात आला, डिसेंबरात सरकारने जुनी विधेयकं मागे घेऊन नवी मांडली. तेव्हा ते दोन्ही मसुदे जेवणाच्या टेबलावर शेजारी पसरून पट्टीने ओळ ओळ ताडून बघत होते. ताटं दोन दिवस सोफ्यावर. पहिल्या मसुद्यात आरोपीला ‘मानसिक आजारा’चा बचाव दिला होता. समिती म्हणाली, हे फार पसरट होतं, यात नुसता मूड जाणं आणि आपणहून घेतलेली दारूही बसेल. जुनीच शब्दयोजना ठेवा. सरकारने ठेवली. भाऊसाहेबांनी कट्ट्यावर हे सांगितलं आणि गप्प बसले. असे गप्प बसले की कोणीतरी विचारणं भाग होतं.

“म्हणजे ते तुम्ही…?”

“मी काहीही म्हणत नाही,” भाऊसाहेब म्हणाले आणि चष्मा पुसायला घेतला.

समितीचं म्हणणं सरकारवर बंधनकारक नसतं. हे भाऊसाहेबांना माहीत आहे, आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे. व्यभिचाराचं कलम स्त्री-पुरुष दोघांना लागू करून परत आणा, असं त्याच समितीने सुचवलं होतं. सरकारने ते घेतलं नाही. “ऐकणं न ऐकणं त्यांचं. पण आता ते कागदावर आहे,” एवढंच ते म्हणतात. ‘कागदावर आहे’ हे तुम्ही-आम्ही हिणवून म्हणतो. भाऊसाहेबांच्या तोंडी तो आशीर्वाद असतो.

त्यांना एकाच गोष्टीने खरोखर लागतं. पंधराव्या लोकसभेत शंभरांतली ७१ विधेयकं समित्यांकडे जात होती. सतराव्या लोकसभेत हे प्रमाण १६ वर आलं. हे आकडे सांगताना ते खेद वगैरे शब्द वापरत नाहीत. नुसते आकडे सांगतात आणि उठून घरी जातात.

वहिनींना समित्यांचं वावडं होतं, पण एकदाच त्या मैदानात उतरल्या. मुलींचं लग्नाचं वय अठरावरून एकवीस करायचं विधेयक डिसेंबर २०२१ मध्ये आलं आणि शिक्षण, महिला, बालक वगैरे विषयांच्या स्थायी समितीकडे गेलं. भाऊसाहेबांनी सवयीने सदस्यांची यादी मोठ्याने वाचली. वहिनी परातीत कणीक मळत होत्या. त्या म्हणाल्या, “बायका किती?” भाऊसाहेबांनी परत पाहिलं. एकतीसमध्ये एक. कणकेचे हात तसेच ठेवून वहिनी बाहेर आल्या. “अहो, मुलींच्या लग्नाचं ठरवायला तीस पुरुष आणि एक बाई? आमच्या बैठकीलासुद्धा याच्यापेक्षा जास्त बायका होत्या, नि तेव्हा आम्हाला बोलायची परवानगी नव्हती!” त्या दिवशी त्यांनी स्वतःचं निवेदन सांगितलं आणि भाऊसाहेबांनी लिहून घेतलं. त्यात काय होतं ते गोपनीय आहे. पण भाऊसाहेबांनी एका वाक्याला ‘ही भाषा संसदीय नाही’ अशी हरकत घेतली आणि वहिनींनी ती फेटाळली, हे अर्ध्या गल्लीने ऐकलं.

ते विधेयक लोकसभा विसर्जित झाल्यावर बाद झालं. हे बाद होणं, म्हणजे व्यपगत होणं, हा भाऊसाहेबांच्या घरी सुतकाचा विषय. लोकसभा विसर्जित होते तेव्हा आपल्याला निवडणूक दिसते. त्यांना मेलेली विधेयकं दिसतात. त्यांतलं सर्वांत जिवलग २०१० चं. तंत्रशिक्षण आणि वैद्यकीय महाविद्यालयांतल्या गैरप्रकारांना आळा घालणारं. देणगी बंद, माहितीपत्रकात जाहीर केल्यापेक्षा जादा फी बंद आणि पावतीशिवाय पैसे घेणं बंद. पावतीशिवाय! भाऊसाहेबांना वाटलं, हे कोणीतरी आपल्यालाच विचारून लिहिलं आहे.

त्यामागे आमच्या जिल्ह्याचा इतिहास होता. १९८३ मध्ये आमच्याच वसंतदादा पाटलांनी, मुख्यमंत्री असताना, विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आमच्या पोरांचं कर्नाटकात जाऊन पैसे मोजणं थांबलं, आणि पैसे मोजणं इथेच सुरू झालं. १९८७ मध्ये राज्याने देणगीबंदीचा कायदा केला. मग देणगी हा शब्द गेला, पिशवी राहिली. सर्वोच्च न्यायालयात खटले झाले, त्यातला २००५ चा इनामदार खटला तर महाराष्ट्राविरुद्धच होता. पुढे शुल्क नियामक प्राधिकरण आलं. हा सगळा प्रवास भाऊसाहेबांनी काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलेला. अनुदानित कॉलेजात त्यांच्या हातून अशी पिशवी गेली नाही, पण संस्थेची दुसरी कॉलेजं होतीच आणि हिशेबाच्या माणसाला भिंतीपलीकडचंही ऐकू येतं. ते सगळं त्यांनी त्या निवेदनात ओतलं असावं. समितीचा अहवाल २०११ मध्ये आला. विधेयक पडून राहिलं, २०१४ मध्ये लोकसभेबरोबर गेलं. “राज्यसभेत मांडलं असतं तर जगलं असतं,” ते अजून म्हणतात. राज्यसभेत मांडून तिथेच राहिलेलं विधेयक मरत नाही, हा नियम त्यांनी आम्हाला इतक्या वेळा सांगितला आहे की कट्ट्यावर कोणी आजारी पडलं तर “राज्यसभेत हलवा” असं म्हणतात.

हा माणूस छळतो, पण कामाला येतो. समोरच्या घरातल्या मुलीच्या अभियांत्रिकीच्या प्रवेशाला भाऊसाहेब बरोबर गेले. काउंटरवर फीची चिठ्ठी आली. त्यांनी ती वाचली, चष्मा वर. “प्राधिकरणाने मंजूर केलेल्या शुल्काचा आदेश दाखवा.” मागे रांग. मुलीचा बाप शरमेने अर्धा झाला. आतल्या क्लार्कने वर पाहिलं, कंटाळलेला, पन्नाशीचा. “हे ‘इतर’ कशाचं?” भाऊसाहेबांनी विचारलं. “इतर म्हणजे इतर.” “इतर नावाचं शीर्ष नसतं.” क्लार्क थांबला. “आपण कुठे होतात?” “ऑफिसात. अनुदानित.” पुढचा अर्धा तास दोघं जीएफआरवर बोलले. रांगेने प्राण सोडले. ‘इतर’ चिठ्ठीवरून निघालं आणि चहा आतून आला.

गणेश मंडळाचे ते कायमचे हिशेब तपासनीस. एका वर्षी डीजेवाल्याचं बिल आणि ‘किरकोळ’ यांची बेरीज जुळेना, तेव्हा त्यांनी पोरांची साक्ष ठेवली. गॅलरीत खुर्ची, समोर स्टूल, एकेकाला आत बोलावणं. खजिनदार पोरगा घामाघूम. तिघांनी चूक कबूल करून सही केली. चौथा म्हणाला, “मला मान्य नाही. मिरवणुकीत पाणी वाटलं त्याचा खर्च धरा. मी लिहून देतो.” त्याने विसर्जनाच्या हँडबिलाच्या पाठीवर सात ओळी खरडल्या. भाऊसाहेबांनी त्या वाचल्या आणि त्यांचा चेहरा उजळला. “विसंमतीपत्र!” ते ओरडले. “अगं, चहा टाक, विसंमतीपत्र आलंय!” ते हँडबिल त्यांनी अहवालाला परिशिष्ट म्हणून जोडलं आणि पाण्याचा खर्च धरला. तो पोरगा आता कायद्याला आहे आणि भाऊसाहेबांना टाळत नाही. आमच्या गल्लीत हे दुर्मीळ.

“पण हे कोणी वाचतं का?” हा प्रश्न त्यांना सगळे विचारतात. ते उत्तरादाखल राज्यसभेच्या याचिका समितीचं उदाहरण देतात. माजी सैनिकांच्या ‘समान पद, समान निवृत्तिवेतन’ या मागणीवर एक याचिका गेली. भगतसिंह कोश्यारींच्या अध्यक्षतेखालच्या त्या समितीने २०११ मध्ये मागणी मान्य करा असा अहवाल दिला. २०१५ मध्ये योजना आली. पुढे कोश्यारी महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. त्यांच्याविषयी गावात काय काय बोललं जायचं, भाऊसाहेब फक्त म्हणायचे, “समितीचा माणूस आहे.”

२०२४ च्या वक्फ विधेयकाच्या संयुक्त समितीकडे ९७ लाखांहून जास्त निवेदनं आल्याची बातमी आली, तेव्हा कट्ट्याने त्यांना घेरलं. त्या विषयावर त्यांनी काही पाठवलं होतं का, हे अर्थातच गोपनीय. “भाऊसाहेब, ९७ लाख! तुमचं कोण उघडणार?” त्यांनी खिशातून पेन काढून वर्तमानपत्राच्या कडेला भागाकार मांडला. सदस्य एकतीस. प्रत्येकाच्या वाट्याला तीन लाखांच्या वर. ते आकड्याकडे बराच वेळ बघत राहिले. आम्हाला वाटलं, आता हा माणूस खचला. मग ते म्हणाले, “स्पायरल बाइंडिंगवाली किती असतील?”

काही समित्या आपल्या अहवालाच्या शेवटी निवेदनं पाठवणाऱ्यांची यादी देतात. मागच्या वर्षी एका अहवालाच्या परिशिष्टात भाऊसाहेबांचं नाव सापडलं. छापील, अनुक्रमांकासह. बातमी गल्लीत पसरली, वहिनींनी पेढे वाटले, आणि पहिल्याच पेढ्याबरोबर लक्षात आलं की आडनावात एक अक्षर चुकलंय आणि पुढे ‘सांगली, कर्नाटक’ असं छापलंय.

सगळ्यांनी समजूत घातली. एवढं काय, नाव तर आलं. मी म्हटलं, द्या सोडून. भाऊसाहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं त्या ऑडिटरने नारळांकडे पाहिलं असेल. “आडनावाचं सोडलं. पण जिल्हा? सीमाप्रश्न सर्वोच्च न्यायालयात आहे आणि संसदेच्या दप्तरात मी सांगली कर्नाटकला देऊन टाकू?”

शुद्धिपत्रासाठीच्या अर्जाचा विहित नमुना कुठेच मिळेना. मग त्यांनी तो स्वतः तयार केला. सोबत आधार कार्डाची छायाप्रत, वीजबिल, जिल्ह्याचा नकाशा आणि अर्जदार महाराष्ट्रात राहतो याबद्दल दोन शेजाऱ्यांचा दाखला. एक शेजारी मी. रविवारी सकाळी ते कागद घेऊन आले, मी उभ्याउभ्या सही केली आणि कागद परत दिला. त्यांनी तो उजेडाकडे धरून पाहिला.

“दिनांक?” ते म्हणाले.

मी दिनांक टाकला.

“आणि ठिकाण. पूर्ण लिहा. राज्यासकट.”